आयर्लंडची पोरे घर सोडायची का थांबली?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



गेल्या काही बैठकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. शिकलेली पोरे देशादेशांच्या उत्पन्नाचे तक्ते बघतात आणि आम्हाला विचारतात, आयर्लंड हा एवढासा देश, विदर्भाहूनही लहान, आणि माणशी उत्पन्नात इंग्लंडला मागे टाकून बसला, हे झाले कसे? साठ-सत्तर वर्षांपूर्वी पश्चिम युरोपातल्या दरिद्री देशांत त्याची गणती होत होती. मग मध्ये काय सापडले? तेल की सोने?

तेल सापडले नाही, सोनेही नाही. कोळसा नावापुरता. आहे ते गवत. पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडत राहतो, त्यामुळे गाईच्या तोंडापुढे हिरवे असते. ज्वारीचे ताट तिथे उभे राहणार नाही, कपाशीचे बोंड फुटणार नाही. आपल्यापैकी कुणाला त्या पावसाचा हेवा वाटला तर आम्ही दोष देणार नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. तो पाऊस आणि ते गवत पावणेदोनशे वर्षांपूर्वीही होते, आणि तेव्हा त्याच देशातली माणसे उपाशी मेली. तेव्हा पावसापाण्यावर सगळे ढकलून मोकळे होता येत नाही.

देशाची प्रकृती तपासण्याची आमची रीत गावठी आहे. गावात हाताशी आलेली पोरे किती, आणि त्यातली गावात, निदान मुलखात, राहिली किती, एवढे मोजायचे. तक्ते खोटे बोलू शकतात, रिकामी घरे बोलत नाहीत. आयर्लंडला हीच फूटपट्टी लावू. आयर्लंड बेटाचा उत्तरेकडचा तुकडा आजही ब्रिटनकडे आहे. आम्ही बोलतो आहोत ते १९२२ साली वेगळे झालेल्या २६ जिल्ह्यांबद्दल. या २६ जिल्ह्यांत १८४१ साली ६५ लाख माणसे होती. १९६१ साली राहिली २८ लाख १८ हजार. सव्वाशे वर्षांत जगाची लोकसंख्या दुपटीहून जास्त वाढली आणि या देशाची निम्म्याहून खाली आली. २०२२ च्या शिरगणतीत हा आकडा ५१ लाख ४९ हजार झाला. १८५१ नंतर पहिल्यांदाच पन्नास लाखांच्या वर. म्हणजे १९६१ च्या आसपास काहीतरी उलटले. ते काय, हेच आज पाहायचे आहे.

आधी माणसे गेली कशी ते पाहू. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला. गरीब कुळाचे सगळे पोट बटाट्यावर. गहू, ओट, लोणी, जनावरे हेही पिकत होते, पण ते खंड भरायला. दुष्काळाच्या त्या वर्षांत धान्य आणि जनावरे बंदरातून इंग्लंडला जातच राहिली, गाड्यांबरोबर शिपाई चालत. दहा लाखांच्या आसपास माणसे मेली, तितकीच बोटीत बसून परागंदा झाली. जमीन जमीनदाराची, कष्ट कुळाचे, आणि खंड थकला की घराचे छप्पर उतरवायला बेलीफ हजर.

अशाच एका कुळाचे पोर मायकेल डेव्हिट. चार वर्षांचा असताना घर गेले, कुटुंब इंग्लंडला गेले. अकराव्या वर्षी तो लँकेशायरच्या सूतगिरणीत होता आणि तिथल्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला. कपाशी पिकवणाऱ्यांसमोर ही गोष्ट सांगताना आवंढा येतो, कारण सुताच्या धाग्याला दोन टोके असतात आणि दोन्ही टोकांना गरीबच बांधलेला असतो. या एकहाती माणसाने १८७९ साली पार्नेलला पुढे करून भूमी लीग उभी केली. दुसऱ्याच वर्षी मेयो जिल्ह्यात जमीनदाराच्या कारभाऱ्याशी गावाने सगळा व्यवहार तोडला. मजूर जाईना, लोहार नाल ठोकेना, दुकानदार माल देईना. त्या कारभाऱ्याचे नाव कॅप्टन बॉयकॉट. आपण बहिष्कार म्हणतो त्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तो या माणसाचे आडनाव आहे. त्याचे पीक काढायला उत्तरेतून पन्नास मजूर आणले आणि त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई. पाचशे पौंडांचे पीक काढायला दहा हजार पौंड लागले असे तेव्हाच लोक म्हणू लागले. होमरूल हा शब्दही तिकडचाच. टिळकांनी १९१६ साली बेळगावात होमरूल लीग काढली तेव्हा तो आपल्याकडे आला.

लढ्याला फळ आले. १९०३ च्या कायद्याने सरकारने जमीनदारांना पैसे दिले आणि कुळे मालक झाली. कुळांनी ते पैसे अडुसष्ट वर्षांहून जास्त मुदतीच्या हप्त्यांनी फेडायचे. जमीन मिळाली. पुढे स्वातंत्र्यही मिळाले. आता पोरे घरी राहायला हवी होती की नाही? राहिली नाहीत. आमच्या मते या कहाणीतला सगळ्यात मोलाचा भाग इथे आहे. दुष्काळाचे पाप इंग्रजाच्या माथी मारता येते. त्यानंतरची गळती कुणाच्या माथी?

१९३२ साली डी व्हॅलेरा सत्तेवर आले. मोठा देशभक्त, तुरुंग भोगलेला. त्यांनी ठरवले की जमिनीचे हप्ते ब्रिटनला द्यायचे नाहीत. ऐकायला कसे छान वाटते! ब्रिटनने उत्तर म्हणून आयरिश जनावरांवर वीस टक्के जकात बसवली. आयर्लंडचा माल घेणारे गिऱ्हाईक मुळात एकच, ब्रिटन. जनावरांचे भाव कोसळले. वासरांना कुणी विचारीना, तेव्हा सरकारने वासरे मारून कातडी आणून देणाऱ्याला बक्षीस लावले. आणि ब्रिटनला न दिलेले ते हप्ते? ते शेतकऱ्याला माफ झाले असे समजू नका. पुढच्या वर्षी निम्मे केले. उरलेले निम्मे शेतकऱ्याकडून वसूल होतच राहिले, फक्त लंडनऐवजी डब्लिनच्या तिजोरीत. सहा वर्षांनी, १९३८ साली, एक कोटी पौंड एकरकमी देऊन भांडण मिटले. शाबासकी पुढाऱ्याला मिळाली आणि गोठा शेतकऱ्याचा बसला.

त्याच काळात दुसरे काम सुरू झाले. परदेशी मालावर भारी जकाती. कारखाना काढायचा तर मालकी आयरिश माणसाचीच हवी असा १९३२ चा कायदा, १९३४ साली आणखी कडक केलेला. उद्योगमंत्री होते शॉन लेमास. हुशार, कष्टाळू माणूस. बूट, कापड, साबण, काचसामान यांचे कारखाने निघाले, काही हजारांना काम लागले, हे कबूल करायला हवे. पण या कारखान्यांचे गिऱ्हाईक केवढे? तीस लाखांचा देश, त्यातही निम्म्याच्या आसपास लोक शेतीवर. बाहेर विकायची ऐपत नाही, कारण माल महाग. घरात विकायला धास्ती नाही, कारण बाहेरचा माल यायला बंदी. हा महाग बूट घ्यायचा कुणी? ज्याची गाय ब्रिटनच्या भावाने विकली जात होती त्याने. ब्रिटनचे धोरण आपल्या शहरांना अन्न स्वस्त मिळावे असे होते. आपल्या शेतकऱ्याचा तोटा ते सरकारी पैशाने भरून काढत, आयरिश शेतकऱ्याचा कशाला भरतील? विकताना दुसऱ्याचा भाव आणि घेतानाही दुसऱ्याचा भाव.

१९४३ साली डी व्हॅलेरांनी रेडिओवरून आपले स्वप्न सांगितले. साध्या राहणीत समाधान मानणारी खेडी, टुमदार घरे, धट्टीकट्टी पोरे, शेकोटीजवळ बसलेली शहाणी म्हातारी माणसे. खेड्याचे गोडवे गाणारे पुढारी सगळ्या देशांत असतात, आणि बहुतेक राजधानीतच राहतात. स्वप्नातली धट्टीकट्टी पोरे लिव्हरपूलच्या बोटीत बसत होती. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत चार लाख माणसे देश सोडून गेली. तीस लाखांहून कमी वस्तीच्या देशातून चार लाख! त्यात मुली खूप. गावोगाव एकटे म्हातारे भाऊ आणि कुलूप लावलेली घरे.

१९५७ च्या सप्टेंबरात डब्लिनच्या एका विनोदी मासिकाने मुखपृष्ठावर चित्र छापले. आयर्लंड नावाची बाई ज्योतिषिणीपुढे बसली आहे आणि तिला म्हणते आहे की जरा कामाला लाग, लोक म्हणतात मला भविष्यच नाही. हे चित्र अर्थखात्याच्या सचिवाच्या मनाला लागले. त्यांचे नाव टी. के. व्हिटाकर. वय चाळिशीच्या आसपास. त्यांनी हाताखालच्या माणसांना घेऊन अहवाल लिहिला आणि तो १९५८ च्या नोव्हेंबरात छापून निघाला. आम्ही सरकारी बाबूंचे कौतुक सहसा करत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण या बाबूने आपल्याच सरकारच्या पंचवीस वर्षांच्या धोरणाला, ते चुकले, असे लिहून दिले आणि खाली सही केली. जकातीच्या भिंतीआड वाढलेला कारखाना कधी मोठा होत नाही. बाहेर विकेल त्याला उत्तेजन द्या. परदेशी भांडवल आले तर येऊ द्या. आणि शेती? आजच्या पुस्तकांत हा भाग झाकला जातो. व्हिटाकरांच्या हिशेबात गाय पहिल्या रांगेत होती. कुरणे सुधारा, स्फुरद खत स्वस्त करा, जनावरे निर्यात करा, असे ते म्हणत होते.

१९५९ साली पंतप्रधान झाले तेच शॉन लेमास. ज्याने भिंत बांधली त्यानेच ती पाडायला घेतली. निर्यातीच्या नफ्यावरचा कर आधीच्या सरकारने निम्मा माफ केला होता, तो १९५८ पासून पूर्ण माफ झाला. शॅनन विमानतळाशेजारी जकातमुक्त वसाहत निघाली. १९६३ आणि १९६४ साली जकाती आपण होऊन कमी केल्या, १९६५ च्या डिसेंबरात ब्रिटनशी मुक्त व्यापाराचा करार केला. पाच वर्षांच्या योजनेत वर्षाला दोन टक्के वाढीचे उद्दिष्ट होते, झाली चार टक्के. उद्दिष्टाच्या दुप्पट काम झालेली योजना आम्ही तरी क्वचितच पाहिली आहे.

लोण्याचे उदाहरण घ्या. आयरिश लोणी पूर्वी पेट्यांतून ब्रिटनला जायचे आणि तिथला व्यापारी त्यावर आपले नाव घालायचा. १९६१ साली दूध मंडळ झाले. १९६२ साली ‘केरीगोल्ड’ या नावाने सोनेरी कागदात गुंडाळलेले लोणी बाजारात आले. गाय तीच, गवत तेच, फक्त वडीवर नाव आपले. आज ते अमेरिकेच्या दुकानांत आघाडीने विकले जाते. मागे सहकारी दूधसंस्था होत्या, त्या १८८९ पासूनच्या.

लेमासच्या काळात सगळे गोड चालले होते असे मात्र नाही. उद्योगांचे भले होत होते आणि शेतमालाचे भाव खालीच. १९६६ च्या ऑक्टोबरात शेतकरी संघटनेचे अध्यक्ष रिकर्ड डीसी यांनी दक्षिण टोकाच्या बँट्री गावातून पायी मोर्चा काढला. सव्वादोनशे मैलांच्या आसपास चाल. डब्लिनला पोचेपर्यंत तीस हजार शेतकरी झाले. शेतीमंत्री चार्ल्स हॉही यांनी भेट नाकारली. तेव्हा नऊ जण शेतीखात्याच्या पायऱ्यांवर बसले आणि थंडीपावसात वीस दिवस बसून राहिले. दुसऱ्या वर्षी रस्ते अडवले, कर भरायला नकार दिला, शेतकरी तुरुंगात गेले. शेवटी सरकारला शेतकऱ्यांशी बोलायला बसावे लागले आणि त्या दिवसापासून तिथल्या कोणत्याही सरकारने शेतकरी संघटनेला दाराबाहेर उभे केले नाही.

त्याच १९६६ च्या सप्टेंबरात शिक्षणमंत्री डोनो ओमॅली यांनी जाहीर केले की माध्यमिक शिक्षण फुकट. अर्थखात्याला विचारलेही नव्हते! व्हिटाकर संतापले. पण घोषणा मागे घेता येईना. १९६७ पासून शाळा फुकट झाल्या. आमच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खेड्यातल्या पोरांना न्यायला फुकट बस सुरू झाली. वाडीवस्तीवरचे पोर, आणि पोरगीही, पाच-सात मैलांवरच्या शाळेत जाऊ लागले. पुढे पंचवीस वर्षांनी संगणकाचे कारखाने आले ते याच पोरांच्या भरवशावर. नुसता कर कमी करून कारखाने येतात असे सांगणारे लोक ही बस विसरतात.

१ जानेवारी १९७३ ला आयर्लंड युरोपच्या बाजारसंघात शिरला. आधी सार्वमत घेतले, त्यात ८३ टक्के लोक बाजूने. शेतकऱ्यांनी भरभरून मते दिली, कारण सरळ होते. शंभर वर्षांनी एकाच गिऱ्हाइकाच्या तावडीतून सुटका. युरोपात शेतमालाला राखलेला भाव होता, ब्रिटनच्या भावापेक्षा चांगला. पाच-सहा वर्षे गेली ती सोन्याची. घरे झाली, ट्रॅक्टर आले. जमिनीचे भाव भडकले आणि शेजाऱ्याचा तुकडा घ्यायला शेतकरी बँकेत गेला. बँकेनेही दिले. १९७९-८० ला भाव थांबले, व्याज चढले आणि कर्जात बुडालेली घरे दिसू लागली. पुढे युरोपने १९८४ पासून दुधावर कोटा बसवला, तो उठायला २०१५ उजाडले. कोटा उठल्यावर दूध पाच अब्ज लिटरांच्या घरातून काही वर्षांतच आठ अब्जांच्या वर गेले. हात बांधलेले होते, जोर कमी नव्हता.

मध्ये सरकारनेही तेच केले जे कर्जबाजारी शेतकऱ्याला करू नको म्हणून सांगतात. १९७७ च्या निवडणुकीत घरपट्टी माफ, मोटारीचा कर माफ अशी आश्वासने दिली, निवडून आले आणि पाळलीही! तूट कर्जाने भरली. १९७९ साली सरकारने शेतमालाच्या विक्रीवर दोन टक्के कर लावायचे ठरवले, शेतकरी उठले, सरकारने माघार घेतली. लगेच शहरातला पगारदार उठला. आमच्या पगारातून कर आधीच कापतात, शेतकऱ्याला का सोडता म्हणून डब्लिनच्या रस्त्यावर दीड लाखाहून जास्त माणूस उतरला. शेतकऱ्याला शहराविरुद्ध आणि शहराला शेतकऱ्याविरुद्ध उभे करून कर्जाचा खड्डा बुजत नाही. तो वाढतच गेला. १९८६-८७ ला देशाचे कर्ज देशाच्या वर्षाच्या उत्पन्नापेक्षा जास्त झाले. शंभरात सतरा बेकार. आणि पोरे पुन्हा बोटीत, आता विमानात. यावेळी शिकलेली पोरे.

१९८७ साली सत्तेवर आले ते हॉहीच, ज्यांनी पायऱ्यांवरच्या नऊ जणांना भेट नाकारली होती. हा गृहस्थ १९८० साली टेलिव्हिजनवर देशाला सांगून बसला होता की आपण ऐपतीबाहेर राहतो आहोत. स्वतः बेटाचा मालक, वाडा, घोडे. हे पैसे धनवंतांनी गुपचूप दिले होते, हे पुढे १९९७ साली चौकशीत बाहेर आले. असो. पण १९८७ चे काम झाले ते झाले. त्यांचे अर्थमंत्री रे मॅकशॅरी यांनी खर्चाला कात्री लावली, दवाखान्यांतल्या खाटा कमी केल्या आणि त्याचा मार गरिबाला बसला हेही खरे. विरोधी पक्षनेते ॲलन ड्यूक्स यांनी जाहीर केले की योग्य दिशेने जाल तर आम्ही आडवे येणार नाही. ऑक्टोबरात सरकार, कामगार संघटना, कारखानदार आणि शेतकरी संघटना एका टेबलाला बसले. तीन वर्षे पगारवाढ वर्षाला अडीच टक्क्यांच्या आत, बदल्यात पगारावरचा कर कमी. आठ वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध रस्त्यावर उतरलेली माणसे एका कागदावर सह्या करत होती.

हेच मॅकशॅरी पुढे युरोपचे शेती आयुक्त झाले आणि १९९२ साली त्यांनी युरोपची शेतीभावाची पद्धत बदलली. भाव उतरवले आणि बदल्यात शेतकऱ्याच्या हातात थेट रक्कम दिली. ज्या डंकेल प्रस्तावावर आपल्याकडे गावोगाव वाद झाले, त्याची अडलेली गाडी या बदलाने सुटली. हे नाव त्यासाठी लक्षात ठेवा.

नव्वदीत काय झाले ते सगळे सांगतात, म्हणून आम्ही थोडक्यात आटोपतो. कारखानदारीच्या नफ्यावरचा कर १९८१ पासून दहा टक्के, २००३ साली बहुतेक कंपन्यांना साडेबारा टक्के. इंग्रजी बोलणारी शिकलेली पोरे, युरोपची खुली बाजारपेठ, रस्ते-शिक्षणाला युरोपचा पैसा. १९८९ साली इंटेलने लेक्सलिप गावाजवळ घोड्यांच्या एका फार्मवर कारखाना घातला, मागोमाग औषधांचे आणि संगणकाचे कारखाने. १९९५ ते २००० वर्षाला सरासरी नऊ टक्क्यांवर वाढ. बेकारी सोळाच्या आसपास होती ती चारवर आली. आणि माणसे परत येऊ लागली. लंडनला बांधकामावर गेलेला, बॉस्टनला गेलेली. जाणाऱ्यांपेक्षा येणारे वर्षानुवर्षे जास्त.

मग डोके फिरले. बँका एकमेकींशी चढाओढ करत घरांसाठी कर्ज वाटू लागल्या. २००६ साली बेचाळीस लाखांच्या देशात नव्वद हजारांच्या आसपास घरे बांधली. गायरानात, कुरणात, कुणी राहायला नसलेल्या वसाहती. २००८ च्या २९ सप्टेंबरच्या रात्री सरकारने बँकांच्या सगळ्या देण्यांची हमी घेतली. बँका वाचवायला एकूण ६४ अब्ज युरो गेले. २०१० च्या नोव्हेंबरात ८५ अब्ज युरोंची मदत ठरली. त्यातले साडेसतरा अब्ज त्यांच्याच गंगाजळीतले, बाकीचे युरोप, नाणेनिधी आणि शेजाऱ्यांचे. शेतकऱ्याच्या थकलेल्या हजार रुपयांसाठी दारात जीप येते, आणि बँकेने अब्जावधी बुडवले तर देश एका रात्रीत जामीन राहतो. हा नियम आम्हाला कुठल्याही देशात उलटा दिसलेला नाही. २०१२ साली बेकारी पुन्हा पंधरावर, पोरे पुन्हा ऑस्ट्रेलिया-कॅनडाला. २०१३ च्या डिसेंबरात देश नाणेनिधीच्या देखरेखीतून सुटला.

आता तक्त्याकडे वळू, कारण प्रश्न तिथून आला होता. २०१५ साली आयर्लंडचे उत्पादन एका वर्षात २६ टक्के वाढले असे सरकारने जाहीर केले. एका वर्षात! गाई दुप्पट दूध देऊ लागल्या नव्हत्या. बड्या परदेशी कंपन्यांनी आपले शोध, पेटंट, हक्क यांचे कागद आयर्लंडच्या पत्त्यावर आणले आणि त्यांची कमाई इथली म्हणून धरली गेली. जग हसले, तेव्हा त्यांच्याच सांख्यिकी खात्याने हे कागदी उत्पन्न वजा करून दुसरा आकडा काढायला सुरुवात केली. तो आकडा गेल्या काही वर्षांत पहिल्याच्या निम्म्याहून थोडा जास्त भरतो. पोरांनो, तक्ता बघाल तेव्हा हा दुसरा आकडा बघा. तोही वाईट नाही, पण तो स्वर्ग नाही. ॲपल कंपनीने १३ अब्ज युरो कर थकवला, वसूल करा, असे युरोपच्या आयोगाने २०१६ साली सांगितले तर आयर्लंडचे सरकार, आम्हाला नको, म्हणून कोर्टात गेले. २०२४ च्या सप्टेंबरात कोर्टाने पैसे घ्यायला लावले. आज तिथल्या कंपनीकराचा निम्म्याहून जास्त भाग दहाएक कंपन्या भरतात. एकच गिऱ्हाईक असलेल्या शेतकऱ्याची अवस्था काय होते हे त्या देशाला कुणी शिकवायला नको होते.

आणि शेतकऱ्याचे काय? १९२६ साली निम्म्याहून जास्त कमावते शेतीवर होते, आज शंभरात चारच्या आसपास. २०२० च्या गणनेत एक लाख पस्तीस हजार शेते. दूधवाल्याचे बरे चालते. मांसाची जनावरे पाळणाऱ्याचे कित्येक वर्षी असे होते की युरोपकडून येणारी थेट रक्कम त्याच्या वर्षाच्या एकूण नफ्यापेक्षा मोठी. म्हणजे विक्रीत तोटाच. घर टिकते ते नवरा किंवा बायको जवळच्या गावात नोकरी करते म्हणून. शेतीने श्रीमंत केले असे आम्ही सांगणार नाही. शेतीवरून उठलेल्या पोराला बोटीत न बसता दहा-वीस मैलांवर काम मिळाले, हे मात्र खरे.

कुणी म्हणेल, मग आपणही हेच करू. जपून. पन्नास लाखांचा देश दहा कंपन्यांच्या करावर चालतो. आपल्या राज्यात २०११ सालीच अकरा कोटींवर माणसे होती. त्यांना युरोपचा पैसा आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांचे दरवाजे होते. आपल्याला घेण्यासारखे आहे ते भिंतीचे प्रकरण, बसचे प्रकरण आणि वडीवरच्या नावाचे प्रकरण.

आमची फूटपट्टी आज तिथे काय सांगते? डब्लिनमध्ये तरुण जोडप्याला घर परवडत नाही. बेघर म्हणून सरकारी निवाऱ्यात राहणारे २०२५ साली पंधरा हजारांच्या पुढे गेले. काम आहे, घर नाही, म्हणून काही पोरे पुन्हा सिडनीचे तिकीट काढतात. पश्चिमेचा लीट्रिम जिल्हा पाहा. पाणथळ, हलकी जमीन. १८४१ साली तिथे एक लाख ५५ हजार माणसे होती, १९९६ साली २५ हजार उरली. २०२२ साली ३५ हजार झाली. दहा हजार वाढली. पण तिथल्या शेतकऱ्यांची आता वेगळी तक्रार आहे. बाहेरचे गुंतवणूकदार जमिनी घेऊन त्यावर स्प्रूसची झाडे लावतात, झाडाला गडी लागत नाही, आणि शेजारचा तुकडा घ्यायला निघालेल्या तरुण शेतकऱ्याला त्यांच्या बोलीपुढे टिकता येत नाही.